दोन पट्ट्यांमधला सूर

कोपरमध्ये घरात बसून काही रेकॉर्ड करायचं म्हटलं की आधी गाड्यांचा विचार करावा लागतो. खालून मुंबई-कल्याणचा मुख्य मार्ग, वरून वसई-पनवेलचा. दोन्ही इथेच एकमेकांना ओलांडतात. रात्री लोकल थांबल्या तरी मालगाड्या चालूच असतात. लग्नसराईत हळदीचे स्पीकर, भाद्रपदात मंडळांचे. चांगला कंडेन्सर माइक हे सगळं इमानेइतबारे टिपतो. म्हणून इथल्या हौशी संगीतकाराचा निम्माअधिक वाद्यवृंद संगणकात असतो. तिथे माइक लागत नाही, आणि रात्री एक वाजता ढोल वाजवला तरी शेजारचे काका बेल दाबत नाहीत.

असे हौशी या पट्ट्यात पुष्कळ आहेत. डोंबिवलीत एकांकिका बसवणाऱ्या गटांना स्पर्धेच्या तोंडावर पार्श्वसंगीत हवं असतं. दिवा, कोपर, आयरे या भागांतली मुलं आगरी-कोळी गाणी घरच्या घरी करतात. कुणी भजनी मंडळाचे अभंग रेकॉर्ड करतं, कुणी शाळेच्या स्नेहसंमेलनाचं स्वागतगीत. मीही त्यांच्यातलाच, दिवसा नोकरी आणि रात्री हेडफोन. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, कोणती आभासी वाद्यं चांगली, हा प्रश्न आमच्यात सारखा निघतो. त्याची उत्तरं बहुधा परदेशी यादीवरून दिली जातात, आणि त्या यादीत पियानो, ड्रम आणि सिंथ यांच्यापलीकडे फारसं काही नसतं. मराठी गाणं करणाऱ्याला या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहावं लागतं. आभासी वाद्यांबद्दलचा आजचा वाद हा मुळात हार्मोनियमचा जुना वाद आहे, आणि पेटीवाल्यांनी तेव्हा शोधलेल्या वाटा आपल्याला आजही जास्त उपयोगी पडतात, असं माझं ठाम मत आहे.

त्याआधी मूळ सॉफ्टवेअरचा, म्हणजे ज्याला डीएडब्ल्यू म्हणतात त्याचा विषय संपवतो, कारण त्यात वेळ घालवण्यासारखं फार नाही. क्यूबेस १९८९ पासून आहे. बेल्जियमच्या इमेज-लाइनचं फ्रूटीलूप्स नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलं, २००३ मध्ये त्याचं एफएल स्टुडिओ झालं. आपल्याकडचे बहुतेक डीजे आणि रिमिक्स करणारे त्यावरच वाढले. एकदा विकत घेतलं की पुढच्या सगळ्या आवृत्त्या फुकट, ही त्यांची पद्धत हौशी माणसाच्या फार सोयीची. त्याच्या चाचणी आवृत्तीत मात्र जतन केलेलं काम पुन्हा उघडता येत नाही, हे नवख्यांनी लक्षात ठेवावं. बर्लिनचं एबलटन लाइव्ह २००१ चं. लॉजिक प्रो फक्त ॲपलवाल्यांसाठी, त्याचं धाकटं भावंड गॅरेजबँड मोफत. केकवॉक २०१७ च्या शेवटी गिब्सनने बंद केलं, २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने ते मोफत देऊन टाकलं, आणि पुढे ते सोनार या जुन्याच नावाने परत आलं. रीपर साठ दिवस वापरून पाहता येतं आणि व्यक्तिगत वापराचा परवाना साठ डॉलरचा आहे. ते हलकं आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं, म्हणून मी रीपरवाला. पण यातल्या कोणत्याही एकात उत्तम गाणं होऊ शकतं. मित्र जे वापरतो ते घ्या, म्हणजे अडलं तर विचारायला कुणी असेल.

खरा विषय वाद्यांचा. आणि तिथे पहिली अडचण मिडी या भाषेचीच आहे. १९८३ मध्ये अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली. त्याबद्दल दोघांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमीही मिळालं. मिडी सूर पाठवत नाही, बटणाचा क्रमांक पाठवतं: ० ते १२७ मधली कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. म्हणजे मुळातच ही कीबोर्डची भाषा आहे. पियानोला ती पुरते. ज्या संगीतात एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना वाटेतच सगळं घडतं, त्याला ती अपुरी पडते.

हेच आक्षेप पेटीवर घेतले गेले होते. फ्रान्समधून आलेलं हे वाद्य, १८७५ च्या सुमारास कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला हातपेटीचं रूप दिलं. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. कारणं दोन सांगितली गेली: तिच्यावर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, येत नाही, आणि तिचे सूर पाश्चात्त्य समान-अंतराच्या सप्तकात लावलेले. १९७१ मध्ये बंदी सैल झाली. तीन दशकं रेडिओने दार बंद ठेवलं, तरी महाराष्ट्रात पेटी आणि ऑर्गन टिकून राहिले, कारण संगीत नाटकाला त्यांच्यावाचून चालत नव्हतं. गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर. ही नावं पाहिली की लक्षात येतं, मींड नसलेल्या वाद्यातून या माणसांनी गळ्याचा भास निर्माण केला. कणस्वर लावून, भाता दाबून-सोडून, एक पट्टी सोडण्याआधी दुसरी अलगद धरून. तक्रार खरी होती, पण त्यांनी वाद्याच्या मर्यादेतच वाट काढली.

दुसऱ्या आक्षेपावरचं काम तर आपल्या शेजारीच झालं आहे. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक, गोविंदराव पटवर्धनांचे शिष्य, यांनी बावीस श्रुतींची पेटी केली. षड्ज आणि पंचम एकेकच, बाकीच्या दहा स्वरांच्या दोन-दोन श्रुती. पट्टीखालची खुंटी ओढली की त्या स्वराची दुसरी श्रुती मिळते. तुम्ही कोणतंही आभासी वाद्य उघडलंत की त्यात लावलेला शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो. किती? समान-अंतराच्या सप्तकात तो षड्जापासून ४०० सेंट (एका अर्धस्वराचे शंभर सेंट) वर, नैसर्गिक ५:४ च्या प्रमाणात ३८६. धैवतात सोळा सेंटचा फरक. यमन किंवा भूपमधली एखादी चाल बांधताना मागे तंबोरा लावला की हा फरक कानाला बोचतो.

सॉफ्टवेअरमध्ये यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे, याचा आमच्यात कुणी फारसा उल्लेखच करत नाही. सर्ज एक्सटी हा मोफत सिंथ स्काला नावाच्या साध्या मजकूर-फाइली वाचतो. त्यात बारा स्वरांची प्रमाणं लिहिली की तो तसा लागतो. पियानोटेकमध्येही हे होतं. पियानोटेक विकतचा आहे, पण ध्वनिमुद्रित नमुन्यांऐवजी गणिताने पियानो उभा करत असल्याने बाकीचे पियानो गिगाबाइटमध्ये जागा खातात तेव्हा तो थोड्याशा मेगाबाइटमध्ये भागवतो. एबलटन लाइव्हच्या २०२४ च्या बाराव्या आवृत्तीत स्वरसप्तकं बदलण्याची सोय आली. काहीच नसेल तर पिच बेंड आहेच. बेंडचं मान दोन अर्धस्वर ठेवलं तर मध्यापासून टोकापर्यंत ८,१९१ पायऱ्या असतात, म्हणजे एका सेंटला साधारण ४१. गंधार चौदा सेंटने उतरवायचा तर रेघ ५७० च्या आसपास खाली न्यायची. एकदा करून पाहा. त्याच पेटीच्या आवाजात तो गंधार तंबोऱ्यात मिसळतो.

मींडेचं काम याहून अवघड. समजा सा काळी एकला धरलाय आणि भैरवचा आलाप बासरीच्या नमुन्यावर करायचाय. कोमल रिषभाची पट्टी दाबली, सूर लागला, पण तो राग भैरव नाही. त्या रिषभाला आंदोलन हवं. एडिटरमध्ये पिच बेंडची रेघ काढायची: सुरुवात किंचित वरून, हळू खाली, पुन्हा वर, आणि दुसरं आंदोलन पहिल्यापेक्षा संथ. ही रेघ माउसने गुळगुळीत काढली तर सायरनसारखी वाजते. मी आधी तो स्वर स्वतः गुणगुणतो, फोनवर रेकॉर्ड करतो, आणि त्या आवाजाच्या चढउतारावर बोट ठेवून रेघ काढतो. गाता गळा नसला तरी चालतं, आंदोलन कळतं. यात एकच मोठा घोळ: साध्या मिडीत पिच बेंड पूर्ण चॅनेलला लागू होतो, त्यामुळे त्याच चॅनेलवर षड्ज धरून ठेवला असेल तर तोही डोलतो. म्हणून डोलणारा प्रत्येक सूर वेगळ्या ट्रॅकवर. २०१८ मध्ये मान्य झालेल्या एमपीई पद्धतीत प्रत्येक सुराला स्वतंत्र चॅनेल मिळतो आणि हा घोळ संपतो. त्यासाठी बोट सरकवता येईल असं साधन लागतं. हाकेन कंटिन्यूअमवर ए. आर. रहमान यांनी २००९ च्या ‘दिल्ली-६’मधल्या ‘रेहना तू’च्या शेवटी जे वाजवलं, ते ऐकलं की या साधनाचं मोल कळतं. ते महाग आहे. आयपॅड घरात असेल तर जिओश्रेड त्याच दिशेने पुष्कळ पुढे नेतं. महेश राघवन यांनी त्यावर कर्नाटक संगीत वाजवून दाखवलं आहे.

आणि खिसा रिकामा असेल तर एक साधी युक्ती: कोणताही मोफत सिंथ, व्हायटल घ्या किंवा सर्ज, एकसुरी मोडवर आणि ग्लाइड चालू. पहिली पट्टी न सोडता दुसरी दाबली की सूर सरकत जातो, सोडून दाबली की सुटा लागतो. हीच गोष्ट रोलंडच्या टीबी-३०३ मध्ये ‘स्लाइड’ म्हणून होती, आणि मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ती रागांना लावली. टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ घेऊन त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने तबकडी काढली. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या लोकांना आश्चर्य वाटलं की ॲसिड हाउसचा आवाज शिकागोच्या कितीतरी आधी मुंबईत झाला होता. मला त्यात वेगळंच महत्त्वाचं वाटतं. बास गिटारच्या जागी वाजवायला म्हणून बनवलेल्या यंत्रात आपल्या मींडेला लागणारी सोय आहे, हे एका मुरलेल्या फिल्मी वादकाने ओळखलं.

तर माझी निवड अशी. जी वाद्यं मुळातच पायरीपायरीने वाजतात ती सॉफ्टवेअरमधून घ्यावीत: पेटी, ऑर्गन, पियानो, संतूर, घुंगरू, टाळ. आपल्याकडचा बेंजोही यातच. गणपतीच्या मिरवणुकीत वाजणारा हा बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, १९१२ मध्ये जपानमध्ये तयार झालेल्या ताइशोगोतोचा वंशज. त्याला टाइपरायटरसारखी बटणं, म्हणून तो कीबोर्डवर चांगला येतो. फक्त आवाज अँपमधून किंचित फाटलेला लागतो, त्यासाठी गिटार-अँपचं मोफत प्लगइन लावावं. तंबोरा तर सॉफ्टवेअरनेच चांगला मिळतो. बंगळूरच्या राडेलने १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला तेव्हापासून साधकांना त्याची सवय आहे. उलट सारंगी, व्हायोलिन, बासरी, सतार ही सरकणारी वाद्यं. स्विस कंपनी स्वर सिस्टिम्सचं स्वरप्लग, नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचं ‘इंडिया’, यांत सतार आणि बासरीचे तयार तुकडे खूप आहेत. कच्च्या आराखड्याला ते छान, दिग्दर्शकाला ‘इथे बासरी असेल’ हे दाखवायला छान. गाण्याचा मुखडा त्यांच्या भरवशावर सोडू नये. वादकाने जी सुरावट वाजवून ठेवली ती तुमच्या चालीची नसते.

तालवाद्यांचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्यात बोलण्यासारखं पुष्कळ आहे. ऑर्केस्ट्रा आणि हळदी या दोन्ही जगांत रोलंडचा ऑक्टोपॅड राज्य करतो. त्याचे टोन पेनड्राइव्हवरून हातोहात फिरतात. घरी सॉफ्टवेअरमध्ये तबला लावला की दोन दोष दिसतात. पहिला, एकच नमुना पुन्हा पुन्हा वाजणं. ‘तिरकिट’ जलद लयीत लागलं की चारही अक्षरं शिक्क्यासारखी एकसारखी उमटतात. यावर चांगल्या वाद्यसंचांत एकाच आघाताचे पाच-सहा नमुने आळीपाळीने वाजवण्याची व्यवस्था असते, तिला राउंड रॉबिन म्हणतात. घेताना हेच आधी तपासावं, आवाज किती ‘रिच’ आहे ते नंतर. दुसरा दोष आपणच घालतो. क्वांटाइझचं बटण दाबून प्रत्येक मात्रा रेघेवर बसवली की भजनी ठेका मरतो. भजनी ठेक्यात मात्रेच्या आतल्या दोन अक्षरांमधलं अंतर सारखं नसतं, दुसरं थोडं उशिरा पडतं, आणि किती उशिरा हे पखवाजवाल्यागणिक बदलतं. क्वांटाइझ पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवावं. धा जोरात, ना त्याहून हलका, आणि समेआधीची मात्रा चक्क दाबून ठेवावी, म्हणजे सम उठून येते. डग्ग्याची घसीट पिच बेंडनेच येते. ‘धा’च्या मागोमाग सूर थोडा चढवायचा आणि लगेच सोडायचा.

ही सगळी मेहनत लॅपटॉपच्या विलंबापुढे वाया जाते, त्यामुळे पैसे कुठे घालायचे तेही बोलायला हवं. संगणक आवाज तुकड्यांनी देतो. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १,०२४ चा बफर असेल तर एकट्या बफरचा उशीर तेवीस मिलिसेकंद. १२८ वर आणला की तीनच. तेवीसवर पॅड वाजवणाऱ्याचा हात घसरतो, आणि त्याला वाटतं आपला तालच कच्चा आहे. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर असलेलं छोटं ऑडिओ इंटरफेस घ्यावं, त्यानंतर चांगले बंद हेडफोन, मग पंचवीस पट्ट्यांचा कीबोर्ड. वाद्यसंच विकत घेण्याचा नंबर सगळ्यात शेवटी. पियानो आणि स्ट्रिंग्जसाठी स्पिटफायरचं मोफत लॅब्स आहे, सिंथसाठी वर सांगितलेली दोन. क्रॅक केलेलं काही लावू नये. त्यातून व्हायरस येतो, प्रोजेक्ट ऐन वेळी उघडत नाही, आणि ज्या वादकाने स्टुडिओत बसून ते नमुने वाजवले त्याचा हक्कही बुडतो.

वादकाचं नाव निघालं म्हणून इथे थोडं थांबतो. मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदात व्हायोलिनच्या रांगाच्या रांगा असत, त्यात गोव्याच्या घरांतून आलेले कितीतरी. सेबॅस्टियन डिसोझांसारख्या अरेंजरने त्यांच्यासाठी स्वरलिपी लिहिल्या. केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात मिनीमूग आणला, तेव्हा तो त्या वाद्यवृंदात आणखी एक रंग होता. नव्वदच्या दशकात सिंथ आणि नमुने स्वस्त झाले आणि रांगाच उठल्या. संपूर्ण पिढीचं काम गेलं. आज आम्ही घरात बसून एका बोटाने व्हायोलिनची फळी उभी करतो, ती सोय त्यांच्याच जागेवर आहे. दुसरीकडे ज्यांना परवडतं ते माणसांकडेच परत जातात: २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केला. आम्हाला ऑर्केस्ट्रा परवडणार नाही, एक बासरीवाला परवडतो. डोंबिवली-कल्याणात बासरी आणि व्हायोलिन शिकणारी मुलं क्लासागणिक सापडतात. माझा आता नियमच आहे: ठेका, पेटी, तंबोरा, स्ट्रिंग्जचा पडदा सॉफ्टवेअरचा, आणि वर जो एक सरकणारा सूर आहे तो जिवंत माणसाचा, ठरवून मानधन देऊन. दोन गाड्यांमधल्या शांततेत चार ओळी मिळतात, तेवढ्या पुरतात.

शेवटचा मुद्दा मला मनापासून टोचणारा आहे. परदेशी कंपन्यांचा ‘भारत’ म्हणजे सतार, तबला, तंबोरा, बासरी, फार तर सरोद. मराठी माणसाला एकांकिकेसाठी गोंधळ हवा असेल तर संबळ कुठून आणायचा? लावणीची ढोलकी, जिची चाट कडक, कोरडी लागते, ती नावाला असते आणि बहुतेक वेळा उत्तरेकडच्या ढोलकचा आवाज तिच्या नावाने खपवला जातो. हलगी, दिमडी, तुणतुणं, तुतारी यांचे व्यवस्थित नमुने मला हवे तसे मिळालेले नाहीत. चौंडकं तर नमुन्यात पकडायलाच कठीण, कारण तारेवर आघात होत असतानाच ताण बदलून सूर वरखाली होतो.

पण संबळ पकडता येतो, आणि ते काम एखाद्या मोठ्या कंपनीची वाट पाहण्यासारखं नाही. दोन भांडी, दोन काठ्या, त्यातल्या एकीचं टोक वाकडं. समजा आठ मुख्य आघात धरले. प्रत्येकाचे जोराप्रमाणे पाच थर, प्रत्येक थराचे राउंड रॉबिनसाठी सहा नमुने: एकूण दोनशे चाळीस आघात. गोंधळ्याला बसून वाजवायला एक दुपार, रीपरमध्ये तुकडे करायला काही रात्री, आणि डिसेंट सॅम्पलर नावाच्या मोफत वाद्यात बसवायला एका साध्या मजकूर-फाइलीत नावं आणि क्रमांक लिहायचे. कोपरच्या इमारतीत ते रेकॉर्ड करता येणार नाही. मुरबाड किंवा शहापूरकडे, लाइनीपासून दूर, एखाद्या बंद शाळेचा वर्ग मिळाला तर उत्तम. वाजवणाऱ्याचं नाव फाइलीवर, मानधन आधी, आणि वापराच्या अटी त्याला मराठीत वाचून दाखवून. या डिसेंबरात संबळापासून सुरुवात करायचा माझा विचार पक्का आहे, त्यानंतर हलगी. ज्यांच्याकडे दोन बरे माइक आणि एक मोकळा शनिवार असेल त्यांनी आपापल्या भागातलं एक वाद्य घ्यावं: कोळीवाड्यातल्यांनी घुमट, कोल्हापूरकडच्यांनी हलगी, पंढरपूरकडच्यांनी टाळ आणि पखवाज.